कुलूप शाबूत, कोयंडा उपटलेला

‘बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्याने आत प्रवेश केला आणि कपाटातील सोन्याचे दागिने व रोख रक्कम लांबवली.’ अशा धाटणीचे वाक्य वसई, नालासोपारा, विरार भागातल्या बातम्यांत इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून थेट चोरीच्या रकमेवर जाते. घराची काळजी असणाऱ्याने मात्र रकमेच्या आधीचा भाग नीट वाचावा. काही घरफोड्यांत कुलूप तोडलेले असते हे खरे. पण पुष्कळदा उपटला जातो तो कोयंडा, वाकते ती कडी आणि चिरफाळते ती चौकट. कुलूप बिचारे शाबूत, बंद अवस्थेत, उखडलेल्या कोयंड्याला लटकत राहते.

याचे कारण साधे आहे. चोराचे कुलपाशी काही वैर नसते, त्याला दार उघडायचे असते. दोन फुटांची कटावणी कोयंड्याखाली सरकवून दाबली की तरफेमुळे हाताच्या ताकदीच्या कितीतरी पट जोर कोयंड्याच्या स्क्रूंवर येतो. ते स्क्रू पाऊण इंचाचे आणि लाकूड जुने असेल, तर तो जोर क्षणभरही सोसत नाही. आठ लिव्हरचे कुलूप असले काय आणि सहाचे असले काय, त्याची परीक्षा होण्याची वेळच येत नाही.

म्हणून दारावर खर्च करण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी चौकट, मग कडीकोयंडा आणि बिजागऱ्या, त्यानंतर कुलूप, आणि कॅमेरा किंवा डिजिटल लॉक सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

दिवसभर रिकामी घरे

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० होती. त्यानंतर शहर पूर्वेला आणि पश्चिमेला किती पसरले, हे लोकलच्या दारात उभे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर. सकाळी सातच्या आत घर सोडणारी आणि रात्री नऊनंतर परतणारी माणसे इथे घराघरात आहेत. नवराबायको दोघे नोकरीला आणि मुले शाळेत असली, तर घर रोज दहा-बारा तास बंद असते आणि इमारतीतल्या सगळ्यांना ते ठाऊक असते.

कायदा रात्रीच्या घरफोडीला जास्त गंभीर मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ प्रमाणे चोरीसाठी केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विरारच्या नोकरदाराने मात्र दुपारचीही तितकीच धास्ती बाळगावी. दुपारी जिना सुनसान असतो, आणि ठोकाठोक ऐकू आली तर कुठेतरी फर्निचरचे काम चालले असेल, असे शेजारी समजतात.

इथली घरे ढोबळमानाने तीन तऱ्हेची आहेत. नालासोपारा आणि विरार पूर्वेच्या चाळींतल्या खोल्या, स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींतले फ्लॅट, आणि वसई पश्चिमेच्या गावांतली वाडीतली घरे व बंगले. तिघांच्या दारांची दुखणी वेगवेगळी आहेत. चौकटीचे दुखणे मात्र तिघांनाही सारखेच.

चौकट हलली तर सगळेच हलले

लाकडी चौकट भिंतीला धरून ठेवतात ते होल्डफास्ट, म्हणजे चौकटीला जोडून भिंतीत सिमेंटने गाडलेल्या लोखंडी पट्ट्या. बांधकामाच्या घाईत त्या कमी घातल्या गेल्या असतील किंवा गंजल्या असतील, तर चौकट केवळ प्लास्टरच्या भरवशावर उभी असते. तपासणी सोपी आहे. दार बंद करून कुलपाच्या उंचीवर खांद्याने घट्ट दाबावे. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या प्लास्टरला केसासारखी भेग दिसली, भुगा पडला किंवा चौकट किंचित जरी सरकली, तरी कुलपाचा विचार बाजूला ठेवून सुताराला बोलवावे. चौकटीतून भिंतीत आरपार जाणारे लांब अँकर बोल्ट दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी मारले की चौकट पुन्हा भिंतीशी एकजीव होते. पोकळ विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा बोल्ट धरत नाही. तिथे त्या भिंतीसाठी असलेलाच अँकर मागून घ्यावा.

वसईच्या हवेत दोन शत्रू कायमचे मुक्कामाला आहेत, खारा वारा आणि वाळवी. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत खाडी-समुद्राच्या बाजूला साधे लोखंडी स्क्रू काही पावसाळ्यांतच गंजून बारीक होतात आणि वरून रंग दिल्यामुळे ते कळतही नाही. वाळवी चौकटीचा खालचा वीतभर भाग आतून पोखरते. स्क्रूड्रायव्हरचे टोक चौकटीच्या पायाशी टोचून पाहावे. ते लोण्यात शिरल्यासारखे आत गेले तर चौकट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नवीन स्क्रू घेताना स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

पावसाळा आणखी एक खोड काढतो. लाकूड फुगते, दार चौकटीत बसेनासे होते, आणि मग वरची कडी लागत नाही म्हणून ती चार महिने तशीच सोडली जाते. नेमके याच काळात गणपतीला गावी जायचे असते. जूनच्या आधीच दाराची कड रंधून, वर-खालच्या कडांनाही रंग किंवा पॉलिश द्यावे. सुतार या दोन कडा हमखास कोऱ्या सोडतात आणि पाणी तिथूनच शिरते.

आता पल्ल्याविषयी. दाराच्या दोन लाकडी कातड्यांमध्ये पोकळी असेल, तर लाथेने त्याला भोक पडते. मुख्य दारासाठी भरीव फ्लश डोअर घ्यावे. त्यासाठी आयएस २२०२ हे भारतीय मानक आहे, आणि दाराच्या कडेवर किंवा पृष्ठभागावर आयएसआयचा शिक्का पाहता येतो. बोटाच्या पेरांनी दार ठोकून पाहिले तरी फरक कानाला कळतो. पोकळ दार ढबढबते, भरीव दार बसका आवाज देते.

स्क्रू नव्हे, आरपार बोल्ट

कोयंडा, अल्ड्रॉप आणि बाहेरची कडी या तिन्ही वस्तू स्क्रूने बसवण्याची पद्धत आहे. ती मोडावी. त्याऐवजी गुळगुळीत गोल डोक्याचे बोल्ट बाहेरून घालून दारातून आरपार काढावेत आणि नट आतल्या बाजूला, मोठ्या वायसरसह आवळावा. बाहेरच्या बाजूला पाना किंवा स्क्रूड्रायव्हर धरायला जागाच उरत नाही, आणि कटावणी लावली तर जोर दोन-चार स्क्रूंवर न येता सगळ्या पल्ल्यावर वाटला जातो. आतून दोन-तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी लावून तिच्यावर नट घेतले तर आणखी चांगले. हार्डवेअरच्या दुकानात या सगळ्याचा खर्च एका चांगल्या कुलपाहूनही कमी येतो.

लॅचची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरते, ती पट्टीही अशीच दुर्लक्षित असते. कंपनीने डब्यात दिलेले छोटे स्क्रू फक्त लाकडाच्या वरच्या थराला धरतात. ते काढून तीन इंची स्क्रू मारावेत, म्हणजे ते चौकटीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतात. हे दहा मिनिटांचे काम आहे आणि लाथेने दार उघडण्याच्या प्रयत्नाविरुद्ध त्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

बिजागऱ्या दोन असतील तर तिसरी लावावी. बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांची खीळ बाहेर राहते. ती ठोकून काढली की कुलपाच्या उलट्या बाजूने दार निघते. अशा ठिकाणी खीळ न निघणाऱ्या बिजागऱ्या वापराव्यात. नाहीतर बिजागरीच्या बाजूला दाराच्या कडेत पोलादी खुंटी बसवून तिच्यासाठी चौकटीत भोक पाडावे. दार बंद झाले की खुंटी चौकटीत अडकते आणि खीळ काढूनही पल्ला सुटत नाही.

युरोपात दाराची परीक्षा घेताना हेच तत्त्व पाळतात. तिथल्या ईएन १६२७ या मानकात एकटे कुलूप तपासत नाहीत. दार, चौकट, बिजागऱ्या आणि कुलूप असा अख्खा संच उभा करून परीक्षक हत्याराने त्यावर हल्ला करतो. आरसी २ या वर्गातल्या दाराने तीन मिनिटे टिकायचे असते, आरसी ३ मधल्या दाराने पाच. तीन मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. पण इमारतीच्या जिन्यात तीन मिनिटे कटावणीचा आवाज करत उभे राहायला फार थोडे चोर धजावतात.

कुलूप निवडताना

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्याच्या आधी, १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या काळात अल्फ्रेड हॉब्स या अमेरिकी कारागिराने अभेद्य म्हणून मिरवणारी चब आणि ब्रामा ही दोन इंग्रजी कुलपे चावीशिवाय उघडून दाखवली होती. ब्रामाच्या कुलपाने त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास झुंजवले. असा धीर घरफोड्याकडे नसतो. त्यामुळे सर्वसाधारण घरासाठी कुलूप निवडताना ते चावीशिवाय उघडेल का, यापेक्षा ते कापता किंवा पिळता येईल का, हे आधी पाहावे.

बाहेर लटकणारे कुलूप घेताना त्याची कमान टणक केलेल्या पोलादाची असावी आणि बंद केल्यावर तिचा कमीत कमी भाग उघडा राहावा. कमान आणि कोयंडा यांच्यामध्ये कांब घालायला फट राहिली की कुलूप पिळले जाते. म्हणून कोयंड्याच्या मापाचे कुलूप घ्यावे. सैल भोकात बारीक कमान ठेवू नये. गोल चकतीसारखी, कमान जवळपास झाकलेली कुलपे या दृष्टीने बरी.

फ्लॅटमध्ये सर्रास दिसणाऱ्या नाइट लॅचविषयी एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. दार ओढून घेतले, खट्ट आवाज झाला, म्हणजे कुलूप लागले, असा. त्या अवस्थेत दार फक्त स्प्रिंगच्या जिभेने अडलेले असते. जिभेची बाजू उतरती असल्याने फटीतून घातलेल्या लवचीक पट्टीने ती मागे सरकवता येते. बाहेरून चावी पूर्ण फिरवली की जाड बोल्ट चौकटीत जातो, किंवा जीभ जागच्या जागी घट्ट होते. खाली कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही चावी फिरवण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लागली पाहिजे.

नव्या इमारतींत दाराच्या जाडीतच बसवलेले मॉर्टिस लॉक असते. त्याचा सिलिंडर मुठीच्या पट्टीबाहेर डोकावत असेल, तर पकडीने धरून तो मोडता येतो. पट्टीशी सपाट बसणारा, योग्य लांबीचा सिलिंडर बसवून घ्यावा. घर भाड्याने दिले-घेतले, चावी हरवली किंवा कामाला येणारी व्यक्ती बदलली, की अख्खे कुलूप न बदलता नुसता सिलिंडर बदलता येतो. नव्या फ्लॅटचा ताबा घेतानाही हे करावे, कारण बांधकाम चालू असताना त्या दाराच्या चाव्या अनेकांच्या हातांतून गेलेल्या असतात.

सेफ्टी डोअर: नावापुरते नको

जाळीचे बाहेरचे दार वसई-विरारच्या फ्लॅटमध्ये आता जवळपास घरोघरी दिसते. त्याचा खरा उपयोग दार न उघडता बाहेरच्याशी बोलण्यासाठी आहे. चोर अडवायचा असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या बिजागऱ्या चौकटीला वेल्ड केलेल्या किंवा आरपार बोल्टच्या असाव्यात. जाळीतून हात घालून आतली कडी काढता येऊ नये, म्हणून कडीभोवती पत्र्याची पेटी असावी. आणि त्याची चौकट लाकडी चौकटीवर नुसती स्क्रूने टेकवलेली नसून भिंतीत रोवलेली असावी.

या दाराला बाहेरून मोठे कुलूप लावून जाण्याची रीत मात्र घातक आहे. लटकते कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की आत कोणी नाही. आतल्या बाजूला बसवलेले आणि बाहेरून फक्त चावीचे भोक दिसणारे कुलूप हे गुपित राखते.

चाळीतली खोली, वाडीतले घर

चाळीत दाराला दार लागलेले असते. तिथे रात्री फिरणाऱ्या टोळ्या एक युक्ती करतात. ज्या खोलीत शिरायचे तिच्या आजूबाजूच्या दारांना आधी बाहेरून कड्या लावतात. आरडाओरडा झाला तरी मदतीला कोणी बाहेर येऊ शकत नाही. यावर उपाय बिनखर्चाचा आहे. घरात असताना बाहेरची कडी उघडी ठेवून तिच्या भोकात कुलूप अडकवून टाकावे, म्हणजे ती कोणाला लावता येत नाही. पत्र्याचे छप्पर असेल तर पत्रे धरणारे हुक आणि त्यांचे नट बाहेरून सहज सुटणारे नाहीत ना, हेही वर चढून पाहावे. दार कितीही भक्कम केले तरी वरचा पत्रा हाताने उचलता येत असेल तर सगळे व्यर्थ.

वाडीतल्या घराला पुढचे दार सागवानी असते. मागचे, विहिरीकडचे किंवा स्वयंपाकघराचे दार मात्र बहुधा जुन्या फळ्यांचे आणि एका कडीवर भिस्त ठेवणारे. केळी-माडांच्या आडोशाने तिथे कोणी काय करते आहे, हे रस्त्यावरून दिसत नाही. जुन्या घरांत अशा दारांना आतून आडवा अडसर घालत, त्याची टोके भिंतीतल्या खोबणीत जात. ही पद्धत आजही उत्तम आहे. लाकडाऐवजी चौकोनी लोखंडी नळी आणि भिंतीत रोवलेल्या दोन कड्या वापरल्या की झाले. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला वसईच्या गावांतली घरेच्या घरे चर्चला जातात. त्या रात्री मागच्या दाराला आतून अडसर घालून, पुढच्या दाराला कुलूप लावून निघावे आणि मागचा दिवा चालू ठेवावा.

दार सोडून आलेला

वसईच्या किल्ल्याचा दर्या दरवाजा लोखंडी सुळ्यांनी मढवलेल्या सागवानी दारांचा. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली ती बुरुजांखाली सुरुंग पेरून. तटाला खिंडार पडले आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या जुईनगरला बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोर शिरले तेही जवळच्या दुकानाच्या गाळ्यातून भुयार खणून. त्यांनी ३० लॉकर फोडले. बँकेच्या दाराला त्यांनी हातही लावला नव्हता.

घराच्या बाबतीत भुयार कोणी खणत नाही, कारण त्याहून सोपे मार्ग मोकळे असतात. गच्चीचे दार सोसायटीने कुलूपबंद न ठेवल्यास वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीत उतरता येते. पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंत पाण्याचे पाइप धरून चढता येते. बाल्कनीचा ॲल्युमिनियमचा सरकता दरवाजा तर अनेकदा रुळातून उचलून काढता येतो. त्याच्या वरच्या रुळात दोन स्क्रू असे बसवावेत की पल्ला वर उचलायला जागा राहणार नाही. खालच्या रुळात मापाने कापलेली काठी आडवी टाकावी, म्हणजे बाहेरून तो सरकत नाही. बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून निसटतात, म्हणून तिथेही गज हवेत.

डिजिटल लॉकचे गुण-दोष

बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी उघडणारी कुलपे आता इथल्या नव्या संकुलांत दिसू लागली आहेत. त्यांचा मोठा गुण म्हणजे दार आपोआप बंद होते आणि चावी पायपुसण्याखाली ठेवण्याची वेळ येत नाही. ती बहुतेक बॅटरीवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी उघडतात. जुलै २०१८ च्या पुरात वसईतल्या अनेक भागांचा वीजपुरवठा खंडित झाला होता, हे आठवणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र बॅटरी उतरल्याची सूचना दुर्लक्षिली तर मालकच बाहेर अडकतो. यांत्रिक चावी नातेवाइकाकडे ठेवावी. कंपनीने दिलेला मूळ आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. शेतीत किंवा मासळीच्या कामात हात झिजलेल्यांचे ठसे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी आकड्यांची सोय असलेलेच कुलूप घ्यावे. आणि असे कुलूप कुजक्या चौकटीवर बसवले तर कटावणीपुढे त्याची किंमत शून्य.

आत अडकू नये म्हणून

बंदोबस्त करताना आग लागल्यावर बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न आधी सोडवावा. आतूनही चावी लावूनच उघडणारे कुलूप रात्री वापरत असाल तर त्याची चावी दाराजवळ, पण जाळीतून हात पोहोचणार नाही अशा ठरावीक खिळ्यावर टांगलेली असावी आणि मुलांनाही ती जागा माहीत असावी. खिडक्यांच्या ग्रिलपैकी निदान एकाला आतून उघडणारी झडप असावी. घरात वृद्ध माणूस एकटा राहत असेल तर तीन-तीन कड्यांऐवजी एकच भक्कम बोल्ट बरा.

दार आपण होऊन उघडल्यामुळे होणाऱ्या चोऱ्याही कमी नाहीत. दागिने उजळून देतो म्हणणारे, कपाटाची चावी बनवून देतो म्हणत गल्लीतून फिरणारे, गॅसची तपासणी करायला आलो आहे सांगणारे, अशांना आधी दाराच्या दुर्बिणीतून पाहावे, साखळी लावूनच बोलावे आणि ओळखपत्र मागावे. कपाट बिघडले तर चावीवाल्याला त्याच्या दुकानातून बोलवावे, आणि तो काम करत असताना समोरून हलू नये.

विमा, लॉकर आणि पोलीस

घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांनी पॉलिसी उघडून पाहावी. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. चोरीची भरपाई तीत फक्त अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरती मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्यातही बळजबरीने आत शिरल्याची अट बहुधा असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीतली ही अट जशी लिहिली तशीच वाचायची, असा निर्णय दिला. कुंडीखाली ठेवलेल्या चावीने चोराने सहज दार उघडले, तर दागिन्यांबरोबर दावाही जाऊ शकतो.

रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे उत्तम. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, बँकेच्या निष्काळजीपणामुळे झालेली चोरी, घरफोडी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा कारणाने लॉकरमधला ऐवज गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. घरात राहणाऱ्या दागिन्यांची छायाचित्रे आणि पावत्या घराबाहेरही कुठेतरी जपून ठेवाव्यात. चोरीचा माल सापडल्यावर तो आपलाच आहे हे न्यायालयात सिद्ध करून परत मिळवताना त्यांचाच आधार लागतो.

दार फोडलेले दिसले तर आत जाऊ नये. चोर आत असू शकतो, आणि नसला तरी त्याच्या बोटांचे ठसे असतात. ११२ क्रमांकावर फोन करावा. वसई-विरारची पोलीस ठाणी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली आहेत. घटनास्थळ तुळींजच्या हद्दीत की आचोळ्याच्या, वालीवच्या की पेल्हारच्या, हा घोळ तक्रारदाराने सोडवायचा नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते, आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावे, अशी तरतूद याच संहितेत आहे. तोपर्यंत कपाट आवरायला घेऊ नये.

एकदा फोडलेल्या घरावर काही आठवड्यांत पुन्हा घाला पडण्याचा धोका जास्त असतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या किर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात हे ध्यानात घेऊन चोरी झालेल्या घरांची दारे-कुलपे लगेच मजबूत केली गेली आणि शेजारच्या घरांना लक्ष ठेवायला सांगितले गेले. तिथल्या घरफोड्या निम्म्याहून अधिक घटल्या. त्यामुळे तुटलेला कोयंडा जुन्याच भोकांत पुन्हा ठोकून गप्प बसू नये, आणि शेजारच्यांनीही आपापली दारे त्याच आठवड्यात तपासावीत.

येत्या रविवारी वाचकांनी स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन स्वतःच्या दारापाशी पंधरा मिनिटे द्यावीत. चौकट खांद्याने दाबून पाहावी, तिच्या पायाशी टोचून पाहावे, कोयंड्याचा एक स्क्रू काढून त्याची लांबी आणि गंज पाहावा, मागचे दार आणि बाल्कनीचा सरकता पल्ला हलवून पाहावा. जे सैल सापडेल ते सुताराकडून आणि वेल्डरकडून दुरुस्त करून घ्यावे. बहुतेक घरांत हे काम अर्ध्या दिवसात संपते, आणि गावी जाण्याचे तिकीट काढण्याआधी ते उरकावे.